वाचक विचारतात: फँटोमास ऐकायचं तरी कसं?

मागच्या अंकात फँटोमासचं नाव एका ओळीत येऊन गेलं होतं आणि त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर त्यांनाच देऊन टाकलंय. ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियातला बँड, 1998 मध्ये फेथ नो मोअर हा रॉक बँड फुटल्यावर त्याचा गायक माईक पॅटनने जमवलेला. गळा त्याचा, गिटारवर मेल्व्हिन्स बँडचा बझ ऑस्बोर्न, बेसवर मिस्टर बंगल या दुसऱ्या बँडमधला पॅटनचा जुना साथीदार ट्रेव्हर डन आणि ड्रम्सवर स्लेयर या थ्रॅश, म्हणजे सुसाट वेगाच्या मेटल बँडमधून नाव कमावलेला डेव्ह लोम्बार्डो. चौघेही आपापल्या गल्लीतले मोठे लोक, त्यामुळे सुपरग्रुप हा शिक्का पहिल्या दिवसापासून बसला.

प्रश्न: दादा, पहिला अल्बम लावला. तीस ट्रॅक, आणि नावं काय तर पान एक, पान दोन, पान तीन. आता गाणं सुरू होईल, मग सुरू होईल म्हणून वाट बघत बसलो आणि अल्बमच संपला. माझंच ऐकण्यात काही चुकतंय का?

नाही हो, काही चुकत नाहीये. तुम्ही ज्याची वाट बघत होतात ती गोष्ट त्यात ठेवलेलीच नाही. रॉक ऐकताना आपल्या कानाला एक सवय लागलेली असते, रिफ, म्हणजे गिटारचा एक छोटा तुकडा, आला की तो चार वेळा येणार, मग गायक येणार, मग कोरस, मग परत तेच, आणि आपण नकळत पुढच्या कोरससाठी जागा करून ठेवतो. 1999 च्या या अल्बममध्ये पॅटनने ती जागाच काढून टाकलीय. त्याने हे सगळं कॉमिकच्या पुस्तकासारखं बांधलंय, म्हणून ट्रॅकला पानाचा नंबर, आणि नीट बघितलंत तर प्रत्येक नावापुढे त्या पानावर किती चौकटी आहेत तेही दिलंय. हीच या अल्बमची किल्ली आहे. एक चौकट म्हणजे संगीताचा एक तुकडा, कधी अर्ध्या सेकंदाचा कधी दहा सेकंदांचा, आणि चौकट बदलली की सगळंच बदलतं, स्पीड, आवाज, मूड, सगळं. बहुतेक पानं दोन मिनिटांच्या आत संपतात. तेरावं पान तर मुद्दाम कोरंच ठेवलंय, तिथे नुसती शांतता आहे. बँडचं नावही असंच छापील दुनियेतून आलंय, फँटोमास हा 1911 पासूनच्या फ्रेंच रहस्यकथांमधला मुखवटेवाला खलनायक, जो कधी कोणाच्या रूपात समोर येईल सांगता येत नाही.

आता ऐकायचं कसं, तर माझं म्हणणं एवढंच की आवाज ऐकू नका, थांबे ऐका. एखाद्या पानावर काय होतं बघा, लोम्बार्डो जीव खाऊन ब्लास्ट बीट, म्हणजे मशीनगनसारखे सलग ठोके, मारतोय, त्यावर ऑस्बोर्नची गिटार, पॅटन किंचाळतोय, आणि एकदम सगळं बंद, आणि बंद म्हणजे खरंच बंद, सिंबलचा आवाजसुद्धा लांबत नाही कारण लोम्बार्डोने मारल्या मारल्या सिंबल हाताने धरलेला असतो, गिटारच्या तारा दाबलेल्या असतात, आणि त्या पोकळीत पॅटन कानाशी येऊन काहीतरी पुटपुटतो. मग एकच ठोका. परत शांतता. मग परत सगळे एकत्र. हे चौघं जण त्या एकाच क्षणी थांबतात आणि एकाच क्षणी सुटतात, मधे मोजायला धड ठेकासुद्धा नसताना. हे एकदा कानात बसलं की मग गोंगाट वाटत नाही, मग पुढचा थांबा कधी येतोय यासाठी माणूस पुढे सरकून बसतो.

आणि खरंतर सुरुवात या अल्बमपासून करूच नका. 2001 चा 'द डायरेक्टर्स कट' आधी घ्या. त्यात जवळजवळ सगळ्या सिनेमाच्या थीम आहेत, गॉडफादर, ओमेन, रोझमेरीज बेबी, केप फिअर वगैरे, म्हणजे चाली नीनो रोटा, जेरी गोल्डस्मिथ, बर्नार्ड हर्मन अशा लोकांच्या, त्यामुळे धरायला हाताशी एक धागा असतो. गॉडफादरची ती उदास चाल तुमच्या ओळखीची आहेच, आणि ती ओळखीची आहे म्हणूनच तिच्यावर हे लोक ग्राइंडकोअरच्या, म्हणजे मेटलमधल्या सगळ्यात बेफाम प्रकाराच्या स्पीडने कोसळतात तेव्हा नक्की काय मोडलं आणि काय शाबूत राहिलं हे तुम्हाला कळतं. एक्सपरिमेंट इन टेरर ही हेन्री मॅन्सिनीची थीम मात्र त्यांनी फारशी मोडतोड न करता वाजवलीय आणि ती मला अख्ख्या अल्बममध्ये सगळ्यात भीतीदायक वाटते, कारण एव्हाना आपल्याला माहीत झालेलं असतं की हे लोक कधीही काहीही करू शकतात, आणि तरी ते करत नाहीत. त्यानंतर पहिल्या अल्बमकडे परत जा. तुमचाच कान वेगळा झालेला असेल.

प्रश्न: मी ड्रम्स शिकतेय आणि स्लेयरमुळे लोम्बार्डो माझा देव आहे. पण इथे तो मला सापडतच नाहीये, ग्रूव्ह, म्हणजे ठेक्याची पकड, जमतोय म्हणेपर्यंत तुटतो. त्याच्यासारख्या ड्रमरला असं बांधून ठेवण्यात काय मजा?

तुझा प्रश्न सगळ्यात आवडला, कारण या बँडचा जीव लोम्बार्डोमध्येच आहे असं मला वाटतं.

आधी एक गंमत सांगतो, पॅटनने पहिल्यांदा विचारलं होतं सेपल्टुरा या ब्राझीलच्या मेटल बँडचा ड्रमर इगोर कॅव्हलेराला, आणि त्यानेच लोम्बार्डोचं नाव सुचवलं. आता 1986 चा स्लेयरचा 'रेन इन ब्लड' आठव. साधारण अर्ध्या तासात दहा गाणी, आणि त्यात लोम्बार्डो काय करतो, तर एकदा गाडी सुटली की तो ती पडू देत नाही. दोन्ही पायांनी वाजवायच्या डबल बास ड्रमची ती धडधड, त्यावर थोडी पुढे झुकलेली चाल, सगळा बँड त्याच्या पाठीवर बसून धावत असतो. वेग टिकवणं हे तिथलं काम. फँटोमासमध्ये तोच माणूस, तेच हात, तोच वेग, पण काम बरोब्बर उलटं, वेग क्षणात उभा करायचा आणि क्षणात शून्यावर आणायचा, आणि हे एका मिनिटात वीसदा. तू स्वतः वाजवतेस म्हणून तुला सांगतो, करून बघ. मेट्रोनोम लाव, फुल स्पीडला एक बार वाजव आणि दुसऱ्या बारच्या पहिल्या ठोक्यावर सगळं बंद कर, हात, पाय, सिंबल, सगळं, आणि मग मनातल्या मनात तीन बार मोजून परत त्याच स्पीडला सुरू कर. धावणं तुलनेने सोपं आहे, अंगातला जोर तसाच ठेवून गप्प बसणं भयंकर अवघड, कारण हात आपोआप पुढे जातात.

आणि ग्रूव्ह तुटतो म्हणतेस, तर तो तुटलेल्या अवस्थेतसुद्धा लोम्बार्डोच ऐकू येतो बघ. त्याचा स्नेअर मारायचा जोर, टॉमवरून खाली येताना तो जे किंचित ओढतो ते, हे दोन सेकंदांच्या तुकड्यातही लपत नाही. लोम्बार्डो मूळचा क्यूबाचा, हवानात जन्मलेला, आणि त्याच्या हाताला जो एक लवचिक झोका आहे तो थ्रॅशच्या बऱ्याच ड्रमर लोकांकडे नाही. इथे त्याला लपायला जागा नाही, प्रत्येक फटका एकटा उभा असतो. 2005 मध्ये टूरवर त्याच्या जागी काही काळ टेरी बोझिओ बसला होता, फ्रँक झापाबरोबर वाजवलेला माणूस, म्हणजे कागदावर अशक्य दिसणारी गोष्ट वाजवायची सवय असलेला. त्याचं रेकॉर्डिंग मिळालं तर शेजारी ठेवून ऐक. बोझिओ अफाट आहे यात वादच नाही, पण लोम्बार्डो वाजवतो तेव्हा त्या तुकड्यांमधून एक धोका जाणवत राहतो. मला लोम्बार्डोच हवा.

प्रश्न: सुपरग्रुप म्हणजे शेवटी मोठी नावं एकत्र आणून अल्बम खपवणं. फँटोमास वेगळा कसा काय?

बऱ्याच सुपरग्रुपच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. 1966 च्या क्रीम या ब्रिटिश बँडपासून साचा असाच पडलाय, तीन उस्ताद, प्रत्येकाला आपला सोलो, आणि लोक येतात ते उस्ताद एकमेकांना कसे भिडतात ते बघायला. क्रीमच्या बाबतीत ते खरंच भारी होतं, नंतरच्या कित्येक जणांच्या बाबतीत नुसती वाटणी झाली, हे गाणं तुझं, ते माझं.

फँटोमासमध्ये वाटणी नाहीच. पॅटनने पहिल्या अल्बमचं सगळं म्युझिक आधी एकट्याने लिहिलं, स्वतःच डेमो रेकॉर्ड केला आणि तो बाकीच्यांना पाठवला, की हे असं वाजवायचंय. आता ऑस्बोर्नचा विचार करा. मेल्व्हिन्स म्हणजे वॉशिंग्टन राज्यातून 1983 मध्ये निघालेला बँड, तिथल्या ग्रंज रॉकच्या सगळ्या लाटेच्या आधीचा, निर्वाणाचा कर्ट कोबेन ज्यांच्यावर जीव टाकायचा तो. ऑस्बोर्न तिथे मालक आहे, आणि त्याची ताकद म्हणजे एकच जाड रिफ इतक्या सावकाश वाजवायचा की ऐकणारा घुसमटला पाहिजे. असा माणूस इथे येऊन दुसऱ्याने लिहिलेला अर्ध्या सेकंदाचा तुकडा पाठ करतो, वाजवतो आणि गप्प बसतो. एक गिटार सोलो मिळत नाही त्याला. डन तर जॅझचा अपराइट, म्हणजे उभा ठेवून वाजवायचा बेस वाजवणारा, तोही तसाच. चौघांनी आपलं आपलं सगळ्यात मोठं हत्यार म्यान करून ठेवलंय, आणि तरी ते म्यानातून दिसत राहतं, ऑस्बोर्नची एक जाड कॉर्ड पडली की खोली हलते, मग ती एकदाच पडली तरी. मोठ्या नावांचा असा उपयोग मी दुसरीकडे फार कमी ऐकलाय. खपाचं म्हणाल तर पॅटनने हा अल्बम काढायला ग्रेग वर्कमनबरोबर स्वतःची इपेकॅक नावाची कंपनी काढली, आणि फँटोमासचा हा अल्बम म्हणजे त्या कंपनीचा पहिलाच. खपवायचंच असतं तर फेथ नो मोअरच्या आवाजात गायला त्याला कोणी अडवलं नव्हतं.

प्रश्न: पॅटनचा आवाज एवढा सुंदर, मग तो शब्द का गात नाही? नुसतं गुरगुरणं आणि किंचाळणं कशासाठी?

शब्द आले की आपण अर्थाकडे जातो आणि आवाज मागे पडतो, हे साधं कारण. पॅटनला इथे आवाज हा चौथं वाद्य म्हणून हवा होता. याची तयारी त्याने आधीच करून ठेवली होती, 1996 मध्ये न्यूयॉर्कचा सॅक्सोफोनवादक-संगीतकार जॉन झॉर्न याच्या झाडिक लेबलवर त्याचा एक सोलो अल्बम आला, टूरवर असताना हॉटेलच्या खोल्यांमध्ये केलेला, त्यात फक्त गळा आहे, दुसरं काही नाही.

आपल्याला हे समजायला खरंतर सोपं जायला पाहिजे, तराणा आपण ऐकतोच की. ना दिर दिर तोम ला अर्थ काय असं मैफलीत कोणी विचारत नाही. फरक एवढाच की तराण्यात अक्षरं ठरलेली असतात आणि खाली ताल चालू असतो, तो आपल्याला सांभाळून घेतो. पॅटन दोन्ही आधार काढून घेतो. आणि गुरगुरणं-किंचाळणं एवढंच त्यात आहे असं म्हणू नका, रोझमेरीज बेबी ऐका, सिनेमात जी अंगाई आहे ती तो किती हळुवार गातो ते बघा, आणि मग तो हळुवारपणा टिकत नाही तेव्हा कसं काळजात धस्स होतं तेही.

प्रश्न: 'डेलिरियम कॉर्डिया'मध्ये एकच ट्रॅक आहे, चौऱ्याहत्तर मिनिटांचा, आणि शेवटची वीस एक मिनिटं नुसती खरखर. माझी फाईल खराब आहे का?

फाईल ठणठणीत आहे. ती रेकॉर्ड संपल्यावर सुई शेवटच्या खाचेत फिरत राहते त्याचा आवाज आहे, आणि तो मुद्दाम ठेवलाय.

हा 2004 चा अल्बम भूल न देता केलेल्या ऑपरेशनच्या कल्पनेवर आहे, आतल्या पुस्तिकेत ऑपरेशन टेबलावरचे फोटो आहेत, नाजूक मनाच्या लोकांनी नाही बघितले तरी चालतील. पहिल्या अल्बममध्ये थांबे अर्ध्या सेकंदाचे होते, इथे ते मिनिटामिनिटांचे झालेत. लांबून कुठेतरी प्रार्थनेसारखे आवाज येतात, काहीतरी ओढल्याचा, ठेवल्याचा आवाज, पियानोचे चार सूर, मग बराच वेळ काहीच नाही, मग बँड एकदम अंगावर येतो आणि निघून जातो. टेबलावर पडलेल्या माणसाला शुद्धीतून बेशुद्धीत जाताना जे तुटक तुटक ऐकू येईल तसं. म्हणून याचे ट्रॅक पाडलेले नाहीत, मधूनच कुठूनतरी सुरू करायची सोयच नाही. हेडफोन लावून, दिवा मालवून, एका बैठकीत ऐका, आणि व्हॉल्यूमला सारखा हात लावू नका, हळू आहे म्हणून वाढवलात तर पुढच्या मिनिटाला कानठळ्या बसतील. शेवटची खरखर पूर्ण ऐकायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी ऐकतो, कारण इतक्या वेळ ताणलेला जीव खाली यायला तेवढा वेळ लागतोच.

प्रश्न: घरात आठ वर्षांची मुलगी आहे, तिच्यासमोर यातलं काही लावण्यासारखं आहे का?

आहे ना. 2005 चा 'सस्पेंडेड अॅनिमेशन'. एप्रिल महिन्याचे तीस दिवस, तीस ट्रॅक, एकेका दिवसाला एक, आणि सगळं कार्टूनच्या दुनियेतलं, खेळण्यांचे आवाज, शिट्ट्या, घसरणं, आपटणं, आणि मधेमधे तेच लोम्बार्डोचे ड्रम्स. चित्रं योशितोमो नारा या जपानी चित्रकाराची, मोठ्या डोळ्यांची ती रागीट मुलं, कॅलेंडरवाली आवृत्ती तर हातात घेऊन बघण्यासारखी आहे. लहान मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर कळतं असं माझं ठाम मत आहे, कारण कार्टून बघताना दर दोन सेकंदांनी म्युझिक बदलतं याची त्यांना सवय असते, त्यांचा कान कोरससाठी अडून बसत नाही. वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनना वर्षानुवर्षं संगीत देणारा कार्ल स्टॉलिंग हेच करायचा. आवाज मात्र बेताचा ठेवा.

प्रश्न: आवडलं! आता पुढे काय ऐकू? आणि बँड अजून चालू आहे का?

स्टुडिओ अल्बम हे चारच आहेत, 2005 नंतर नवा आलेला नाही. स्टेजवर मात्र ते मधूनमधून एकत्र आलेत, 2017 मध्ये टूल या बँडच्या कार्यक्रमात त्यांच्या आधी वाजवलं तेव्हा ड्रम्सवर मेल्व्हिन्सचा डेल क्रोव्हर होता. 2008 च्या 31 डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत 'द डायरेक्टर्स कट' पूर्ण वाजवला त्याची डीव्हीडी 2011 मध्ये आली, ती मिळवाच. कीबोर्ड आणि सॅम्पलरच्या गराड्यात बसलेला पॅटन हाताने इशारे करतो आणि बाकीचे त्याच्या हाताकडे बघून सुटतात-थांबतात, हे डोळ्यांनी बघितलं की पहिल्या प्रश्नातल्या वाचकांची अर्धी अडचण तिथेच मिटेल.

पुढे जायचं तर आधी मागे जा. झॉर्नचा नेकेड सिटी हा बँड, 1988 चा, बिल फ्रिझेल, फ्रेड फ्रिथ, वेन हॉर्व्हिट्झ, जोई बॅरन असे जॅझ आणि आवांगार्डमधले, म्हणजे प्रायोगिक संगीतातले दादा लोक, वर यामात्सुका आय या जपानी गायकाचं बिनशब्दांचं किंचाळणं. त्यांच्या 'टॉर्चर गार्डन' अल्बममध्ये बेचाळीस तुकडे आहेत, सिनेमाच्या थीमही त्यांनी आधीच वाजवलेल्या. मिस्टर बंगलचा 1991 चा पहिला अल्बम झॉर्ननेच प्रोड्यूस केला होता, तेव्हा पॅटनला हे बाळकडू कुठून मिळालं ते उघड आहे. फरक असा की नेकेड सिटीमध्ये जॅझ, सर्फ, कंट्री असे प्रकार तुकड्यातुकड्यात ओळखता येतात, फँटोमासमध्ये प्रकार पण उरत नाहीत.

आणि मग लास्ट एक्झिट हा बँड, 1986 पासूनचा. सॉनी शॅरॉक, पीटर ब्रॉट्झमन, बिल लासवेल आणि रोनाल्ड शॅनन जॅक्सन. लोकांना वरवर दोन्ही सारखेच वाटतात, दोन्हीकडे अंगावर येणारा आवाज, दोन्हीकडे चार दिग्गज. पण लास्ट एक्झिट रिहर्सलच करायचे नाहीत, स्टेजवर चढायचे आणि जे सुचेल ते, तर फँटोमासमध्ये खोकलासुद्धा लिहून ठेवलाय असं वाटतं. एका संध्याकाळी दोन्ही लागोपाठ ऐका, आधी लास्ट एक्झिटची लाईव्ह रेकॉर्ड आणि लगेच फँटोमासची पहिली दहा पानं. लास्ट एक्झिटमध्ये चौघं एकमेकांना शोधताना ऐकू येतात, कोणीतरी आधी वळतो, बाकीचे मागून येतात. फँटोमासमध्ये मागून कोणीच येत नाही. मला दोन्ही लागतात, पण कुठलं जास्त लागतं ते तुम्ही ऐकून कळवा, पुढच्या अंकात तीच पत्रं घेऊ.